सहा साचे, अठरा कडी

आन्फिनने दोन्ही मुलींना सोमवारी सकाळी फोन केला, सात मिनिटांच्या अंतराने, आणि दोघींना एकच वाक्य सांगितले. शनिवारी मला नव्वद पूर्ण होताहेत, टेबलावर गुनवोरच्या साच्यांतला क्रान्सेकाके हवा, तुम्हां दोघींपैकी जिला वेळ असेल तिने करावा.

हेरबोर्ग म्हणाली, "करते, बाबा."

सिन्नेवाही म्हणाली, "करते, बाबा."

दोघींनाही ते शक्य नव्हते. आणि ते का शक्य नव्हते, हे सबंध कुटुंबात एकट्या आन्फिनलाच माहीत नव्हते.

आन्फिनची बायको गुनवोर १९६६ च्या शरदात गेली तेव्हा तिचे सहा साचे मागे राहिले. काळे पडलेले, पत्र्याचे, प्रत्येकात एकात एक तीन गोल खाचा. सहा साच्यांत अठरा कडी निघत. सर्वांत मोठे जेवणाच्या ताटाएवढे, सर्वांत लहान पेल्याच्या तोंडाएवढे. बदाम, पिठीसाखर आणि अंड्यातले पांढरे, एवढेच क्रान्सेकाकेत पडे. भाजलेली कडी उतरत्या क्रमाने एकावर एक रचली की हातभर उंचीचा मनोरा उभा राही, आणि त्यांच्या एपलनेसच्या शेतावर गुनवोरच्या मनोऱ्याशिवाय एकही लग्न झालेले नव्हते.

साचे दोघी मुलींना हवे होते. दफनाच्या दिवशी, पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, दोघींनी ते एकमेकींना सांगितले. आन्फिन जिल्ह्याच्या तडजोड मंडळावर एकतीस वर्षे होता. बांधाचे, पाण्याचे, बोटीच्या धक्क्याचे तंटे त्याने मिटवले होते. त्याने साचे टेबलावर मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले आणि वाटले. एक हेरबोर्गला, एक सिन्नेवाला, एक हेरबोर्गला, एक सिन्नेवाला. तीन आणि तीन. दहा मिनिटे लागली. कोणीही हरकत घेतली नाही.

आन्फिनने जन्मात पीठ मळले नव्हते. पहिल्या साच्यात अठरावे, बारावे आणि सहावे कडे होते. दुसऱ्यात सतरावे, अकरावे आणि पाचवे. त्याच्या वाटणीने सगळी सम कडी हेरबोर्गकडे गेली आणि सगळी विषम सिन्नेवाकडे. नऊ कड्यांचा मनोरा होत नाही. एक सोडून एक कडे नसले की वरचे खालच्याच्या पोटात पडते.

त्या वर्षीच्या नाताळात, फ्योर्डच्या खाडीच्या दोन काठांवरच्या दोन स्वयंपाकघरांत, दोघींना हे एकाच आठवड्यात कळले. साचे कोणीच कोणाला दिले नाहीत. बाबांनाही कोणीच सांगितले नाही. घरात मनोरा लागला की तो सासरच्या बाजूने येई. आन्फिन समजे, मुली आईच्या आठवणीने तो करत नाहीत, आणि त्याबद्दल त्याला मनातून बरेही वाटे. प्रत्येक सणाला, कॉफीचा दुसरा पेला झाला की, तो वाटणीची गोष्ट सांगे. एकतीस वर्षांतला माझा सर्वांत चांगला निकाल, असे म्हणे. त्या वेळी हेरबोर्ग आणि सिन्नेवा आपापल्या ताटात पाहत. बावीस वर्षांत दोघींनी मिळून केलेली ती एकच गोष्ट होती.

*

मंगळवारी दुपारपर्यंत हेरबोर्गच्या ओट्यावर नऊ सम कडी तयार होती, आणि त्यांच्या शेजारी आणखी चार, ज्यांना आकार नव्हता.

"हे कडं नाही," हेरबोर्ग म्हणाली. "हा बटाटा आहे."

हालडोर, तिचा नवरा, चाळीस वर्षे बोटी बांधत होता. सकाळपासून तो पत्र्याच्या पट्ट्या वाकवून सतरा, पंधरा आणि तेरा नंबरचे साचे करत होता. "बोटीला असं कडं कुठेच लागत नाही," तो म्हणाला. "लागलं असतं तर जमलं असतं."

"महिला मंडळाकडे साचे आहेत. पूर्ण संच."

"मग आण की."

"आणि यारत्रूदला काय सांगू? आईचे साचे असताना मंडळाचे कशाला, असं ती विचारेल. आणि उद्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला सांगेल." हेरबोर्गने चारही बटाटे डब्यात टाकले. "शिवाय बाबांनी आईच्या साच्यांतला मागितलाय. नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांच्यासमोर खोटा केक ठेवू?"

तेवढ्यात सोलरून आली. सिन्नेवाची मुलगी, एकतीस वर्षांची, फेरीबोटीवर तिकिटे फाडणारी. बोट या काठाला चाळीस मिनिटे थांबे, आणि मावशीकडची कॉफी बोटीवरच्या कॉफीपेक्षा चांगली होती. आई आणि मावशी बोलत नव्हत्या म्हणून सोलरूनने कधी कॉफी सोडली नव्हती. तिने ओट्याकडे पाहिले, पत्र्याच्या पट्ट्यांकडे पाहिले आणि खुर्ची ओढली.

"म्हणजे तूही हो म्हणालीस," ती म्हणाली.

हेरबोर्गचा हात किटलीवर थांबला. "तूही म्हणजे?"

"आईने कंपासने कागदावर वर्तुळं काढलीत. साच्याशिवाय पीठ ओव्हनमध्ये पसरतं, मावशी. काल तिची सहा कडी एकमेकांत मिसळली. ट्रे बाहेर काढला तेव्हा गोठ्यातला शेणाचा पो दिसत होता."

हेरबोर्गच्या चेहऱ्यावर जे आले ते हालडोरला ओळखता आले. तिने ते लगेच पुसले. "बिचारी," ती म्हणाली.

"तू नऊ केलीस ना? आईची नऊ होतील. दोन डबे, एक टेबल. मी दोन्ही डबे नेते."

"साचे मी देणार नाही."

"साचे कोण मागतंय? मी कडी मागतेय."

"तिला वाटेल मला एकटीला जमत नाही."

"मावशी, तिला ते बावीस वर्षं माहीत आहे. तुलाही तिचं माहीत आहे. ज्यांना माहीत नाही ते एकटे आजोबा. आणि शनिवारी दोघींपैकी कोणाचाच केक आला नाही, तर त्यांनाही कळेल. बेचाळीस पाहुण्यांसमोर."

हेरबोर्गने किटली उचलली आणि कॉफी ओतली. बाहेर बोटीचा भोंगा वाजला, म्हणजे दहा मिनिटे उरली.

"तिला सांग," ती शेवटी म्हणाली, "बदामाची साल काढायची. आईचा केक गोरापान असायचा. आणि पिठाची वळी बोटाएवढी जाड हवी. कमी नाही, जास्त नाही."

"कोणाच्या बोटाएवढी?"

"आईच्या." हेरबोर्गने स्वतःची करंगळी पुढे केली. "म्हणजे एवढी."

सोलरूनने विणकामाच्या टोपलीतून लोकरीचा धागा घेतला, करंगळीभोवती एक वेढा दिला आणि तिथेच गाठ मारली.

*

सिन्नेवाने धाग्याचे वेटोळे हातात घेतले आणि प्रकाशात धरले.

"हिची बोटं सुजली आहेत का?"

"आई."

"विचारलं फक्त. या वयात होतं."

"ती तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. चाळीस नाही."

सिन्नेवाचे स्वयंपाकघर पश्चिम काठावर होते, सकाळचे ऊन थेट टेबलावर पडे. टेबलाच्या कडेला हाताने फिरवायची बदामाची चक्की स्क्रूने आवळलेली होती. अर्धा किलो बदाम एकदा दळून झाले होते, दुसऱ्यांदा दळायचे होते, सालीसकट. ती चक्की फिरवत राहिली.

"साल काढायला सांगितलंय तिने," सोलरून म्हणाली.

"आईचा केक तपकिरी असायचा."

"मावशी म्हणते गोरा."

"मावशी लग्न करून गेली तेव्हा मी आणखी सहा वर्षं आईजवळ होते. चक्की मी फिरवली. तिला सांग, साल काढलेला बदाम म्हणजे झगा काढलेला पाद्री. ओळखायचा कशावरून?"

दुपारच्या फेरीने हे वाक्य पूर्व काठाला गेले. संध्याकाळच्या फेरीने उत्तर आले: सालीसकट बदाम घोड्याला घालतात. बुधवारी सकाळी सिन्नेवाने विचारले की मावशीने शेवटचा घोडा कधी पाहिला. त्यावर सोलरूनने दोघींना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली.

"मी तिकिटं फाडते. टपाल वाटत नाही. रंग दोन होतील. होऊ देत. पण जाडी एक नसली तर मनोरा कलंडेल, आणि मग तुमच्या बदामांना कोणी विचारणार नाही."

सोलरून गेल्यावर सिन्नेवाने लोकरीचे वेटोळे पुन्हा उचलले. त्यात तिने स्वतःचे बोट घालून पाहिले. करंगळी नव्हे, तर्जनी. तिथे ते नेमके बसले, ना सैल ना घट्ट. तिच्या मते आईचे बोट तेच होते. तिने वेटोळे टेबलावर ठेवले आणि पहिली वळी त्यातून सरकते का ते पाहिले. मग साच्यांना लोणी लावले, रवा भुरभुरवला, आणि कामाला लागली.

तिला बहिणीची दया येत नव्हती, आणि आपली कोणाला यावी असेही तिला वाटत नव्हते. पण बाबांचा विचार तिच्या मनातून जात नव्हता. मंडळावरून उतरून त्यांना वीस वर्षे झाली. बांध हलले, धक्के वाहून गेले, ज्यांचे तंटे मिटवले ती माणसेही गेली. जो निकाल ते अजून सांगू शकत होते तो एवढाच उरला होता, कारण दोन्ही पक्षकार जिवंत होते आणि समाधानी दिसत होते. नव्वदाव्या वर्षी माणसाला सांगायचे की तोच चुकला होता?

"ते विचारतील, कोणी केला," तिने गुरुवारी सोलरूनला म्हटले. नऊ विषम कडी डब्यात भरून झाली होती; ती मऊ राहावीत म्हणून तिने वर पावाचा एक तुकडा ठेवला होता.

"मग काय सांगायचं?"

"काही नाही. केक समोर आला की पुरुष विचारत नाहीत. खातात."

*

शनिवार, चौदा मे. एपलनेसची सफरचंदाची झाडे उशिरा फुलली होती. पाहुणे एक वाजता यायचे होते. अकरा वाजता शेजारपाजारच्या बायकांनी आपापले केक आणून मोठ्या खोलीत मांडले: क्रीमचे दोन, बदामाच्या सारणाचा एक, लोखंडी चिमट्यात भाजलेल्या नळकांडी बिस्किटांचे तीन डबे, ओलसर करून घडी घातलेले, लोणी-साखर लावलेले लेफ्से, पातळ पोळ्यांसारखे. मधली जागा रिकामी होती. तिच्याकडे प्रत्येक बाई एकदा तरी पाहून गेली.

रचायचे काम मागच्या कोठीत व्हायचे होते. दार लावून घेतल्यावर आत तिघीच उरल्या. हेरबोर्ग, सिन्नेवा, आणि मधे सोलरून, हातात कागदाचा कोन घेऊन. त्यात अंड्याच्या पांढऱ्यात घोटलेली साखर. दोघींनी सणाचा पोशाख घातला होता, लाल चोळी आणि पांढरा जाळीदार एप्रन, आणि दोघींचे एप्रन इस्त्रीने इतके कडक झाले होते की कोठीत वळायला जागा नव्हती.

दोघींनी डबे उघडले. दोघींनी एकमेकींच्या डब्यात पाहिले.  नावे ठेवण्याजोगे काही नव्हते, हीच अडचण होती. कडी एकसारखी होती, गोल, सरळ, कुठेही फुगवटा नाही, एकाही कड्यावर करपल्याचा डाग नाही.

"अठरा," हेरबोर्ग म्हणाली, आणि तिचे मोठे, फिकट कडे थाळीवर ठेवले.

सोलरूनने त्यावर साखरेची नागमोडी रेघ काढली.

"सतरा," सिन्नेवा म्हणाली. तिचे तपकिरी कडे त्यावर बसले.

"सोळा."

"पंधरा."

याहून जास्त संभाषण त्यांनी कित्येक वर्षांत केले नव्हते. चौदा, तेरा, बारा. फिकट, तपकिरी, फिकट. जाडी नेमकी होती. सोलरून दोन पावले मागे सरकून डोळा बारीक करून पाही आणि मान हलवी.

"अकरा," सिन्नेवा म्हणाली, आणि बारावे कडे केसभर डावीकडे आहे असे तिला वाटले, म्हणून तिने आपले ठेवता ठेवता किंचित ढकलले. अकरावे तिच्या हातात मोडले. तीन जागी. एक तुकडा फरशीवर पडता पडता तिने एप्रनमध्ये झेलला.

 साचा पश्चिम काठावर होता. पुढची फेरी साडेबाराला होती.

"बारा सरळ नव्हतं," सिन्नेवा म्हणाली. 

"बारा सरळ आहे," हेरबोर्ग म्हणाली. मग ती वळली, भिंतीवरची लहान कढई घेतली आणि कोठीतल्या शेगडीवर ठेवली. "साखर दे."

"कोणती?"

"साधी. सोलरून, तुझा कोन बाजूला कर."

साखर वितळली, सोनेरी झाली, मग एक छटा गडद. हेरबोर्गने सुरीच्या टोकाने ती तुटलेल्या तोंडांना लावली. "दोन्हीकडून धर. दाबू नकोस. श्वासही घेऊ नकोस."

"एका हाताने कशी धरू? तीन तुकडे आहेत."

हेरबोर्गने सुरी ठेवली आणि उरलेला तुकडा स्वतः धरला. चार हात एका कड्याभोवती. वितळलेली साखर बोटाला लागली की भाजते; दोघींनाही लागली, दोघींनीही हात काढले नाहीत. सोलरूनने मनातल्या मनात साठ मोजले.

"आता सोड," हेरबोर्ग म्हणाली.

"तू आधी सोड."

"मी मोठी आहे."

"म्हणूनच म्हणते. तू आधी."

शेवटी सोलरूनने तीन म्हटले आणि दोघींनी एकदम सोडले. कडे अखंड राहिले. सांध्यावर सोलरूनने साखरेची रेघ जरा रुंद काढली.

"दहा," हेरबोर्ग म्हणाली.

शेवटचे, पहिल्या नंबरचे, सिन्नेवाचे होते. ते तिने दोन बोटांनी ठेवले आणि हात मागे घेतला.

"पाया माझा," हेरबोर्ग म्हणाली.

"शेंडा माझा," सिन्नेवा म्हणाली.

मग दोघींनी मनोऱ्याकडे पाहिले. नऊ फिकट, नऊ तपकिरी, एकाआड एक, तळापासून टोकापर्यंत. मुद्दाम ठरवून केल्यासारखा, आखून घेतल्यासारखा. असा त्यांनी कधी पाहिला नव्हता. आईचाही नाही. दोघींनी एकाच वेळी एप्रन सारखे केले.

*

आन्फिन सकाळी सहापासून काळ्या कोटात बसून होता. बेचाळीस पाहुण्यांपैकी अडतीस त्याने नावानिशी ओळखले. उरलेले चार लहान मुले होती आणि ती त्याने हिशेबात धरली नाहीत. मनोरा मोठ्या खोलीत आला तेव्हा खोली गप्प झाली, हे त्याने ऐकले. मग बायकांची कुजबूज सुरू झाली, तीही त्याने ऐकली. यारत्रूद खुर्ची सोडून जवळ गेली, चष्मा बदलला आणि पुन्हा पाहू लागली. आन्फिनची मान ताठ झाली. त्याच्या घरात पुन्हा गुनवोरच्या साच्यांतला केक उभा होता. पट्टे कसले आहेत हे त्याला कळले नाही. आजकाल काही नवीन करत असतील.

कॉफीचा दुसरा पेला झाला. तो उठला.

"बाबा, बसूनच बोला की," हालडोर म्हणाला. "किंवा आधी केक. केक थांबलाय."

"केक बावीस वर्षं थांबलाय," आन्फिन म्हणाला. "पाच मिनिटांनी काय होतंय."

हेरबोर्गने ताटात पाहिले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सिन्नेवाने ताटात पाहिले.

"हे साचे गुनवोरचे," आन्फिन म्हणाला. "ती गेली तेव्हा भांडण झालं. मी नावं घेत नाही, दोघी समोर बसल्या आहेत." लोक हसले, नेहमी हसत. "मी एकतीस वर्षं लोकांचे तंटे मिटवले. स्वतःच्या घरातला मिटवायला दहा मिनिटं लागली. सहा साचे मी इथेच मांडले, याच टेबलावर. आणि वाटले." त्याने नेहमीप्रमाणे हात पुढे केला, पत्ते वाटावेत तसा. "एक हेरबोर्गला. एक सिन्नेवाला. एक हेरबोर्गला..."

नेहमी तो रिकाम्या टेबलावर हात फिरवी. आज हाताखाली मनोरा होता. फिकट, तपकिरी, फिकट.

हात थांबला.

त्याचे डोळे तळाच्या कड्यावर गेले आणि वर चढू लागले. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता हे फक्त पुढच्या रांगेला दिसले. अठरापर्यंत पोचल्यावर तो पुन्हा खाली आला, या वेळी फक्त फिकट मोजत. नऊ.

"एकीला नऊ," तो हळू म्हणाला. "नऊचा होत नाही."

त्याने थोरलीकडे पाहिले.

"हेरबोर्ग. नऊचा होतो का?"

हेरबोर्गला खोटे बोलता येत नसे. लहानपणापासून येत नसे, आणि ते तिला शिकवणारा समोर उभा होता. "नाही, बाबा."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या नाताळापासून."

"आणि सिन्नेवा, तुला?"

"त्याच आठवड्यात, बाबा."

 आन्फिनने खुर्चीची पाठ धरली. सोलरून अर्धवट उठली. त्याने तिला हातानेच बसवले. तो बोलला तेव्हा आवाज मंडळावरचा होता, कोरडा, प्रत्येक शब्द सुटा.

"मी ही गोष्ट या टेबलावर किती वेळा सांगितली, ठाऊक नाही. ती चूक होती. मी साचे मोजले, केक मोजला नाही. समोर काय आहे हे न पाहता निकाल दिला, आणि दोन्ही पक्षकारांनी माझी लाज राखली म्हणून बावीस वर्षं त्याची बढाई मारली. सगळ्यांनी ऐकलंत, आता हेही ऐका. तो निकाल मी मागे घेतो. सहाच्या सहा साचे पुन्हा या टेबलावर येतील आणि एकाच घरात जातील. कोणाच्या, ते मी आज—"

"नाही," हेरबोर्ग म्हणाली.

"नाही," सिन्नेवा म्हणाली, जवळजवळ त्याच क्षणी.

आन्फिनने एकीकडून दुसरीकडे पाहिले.

"माझे तीन मी कोणाला देणार नाही," हेरबोर्ग म्हणाली. ती उभी राहिली होती, आणि केव्हा उठली हे तिचे तिलाच कळले नव्हते. "तुम्हालाही नाही, बाबा. दिलेलं परत घ्यायचं नाही हे तुम्हीच त्या धक्क्याच्या तंट्यात म्हणाला होतात."

"माझेही नाही," सिन्नेवा म्हणाली. "आणि तिचे मला नकोत. ते घेऊन मी करू काय? माझी कडी विषम आहेत. मला त्यांची सवय झालीय."

"पण एकटीला केक करता येत नाही!"

"मग हा कसला आहे?" सिन्नेवाने मनोऱ्याकडे बोट केले. त्या बोटाच्या टोकावर भाजल्याचा लाल डाग होता.

"असा आईनेही केला नव्हता," हेरबोर्ग म्हणाली. ती बापाकडे पाहून बोलत होती, पण बाप तेवढा एकटाच ऐकणारा नव्हता. "निकाल राहू दे. चुकीचा असेल, पण आमचा आहे."

आन्फिन दोघींकडे पाहत राहिला. एकीची हनुवटी वर होती, दुसरीचीही. दोन्ही हनुवट्या त्याच्याच होत्या, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होते. मंडळावर असताना दोन्ही पक्ष एकदम त्याच्यावर उलटले की तो समाधानाने घरी येई. तंटा मिटल्याची ती खूण असे. हे त्याने कोणाला सांगितले नाही. तो फक्त म्हणाला, "हरकत नोंदवून घेतो," आणि कोटाची बटणे सारखी करून पुढे झाला.

मनोरा वरून कोणी तोडत नाही. त्याने दोन्ही तळहातांत वरची सोळा कडी अलगद उचलली. त्याचे हात नव्वद वर्षांचे होते, तरी एक कडे हलले नाही. हेरबोर्गने अठरावे काढून घेतले आणि सिन्नेवाने सतरावे. त्याने मनोरा परत थाळीवर टेकवला. दोघींनी आपापले कडे बोटभर तुकड्यांत तोडले आणि एकाच ताटात घातले, फिकट आणि तपकिरी मिसळून, आणि ताट फिरू लागले. टेबलावर बोलणे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा मोठ्याने.

यारत्रूद दोन्ही प्रकारचे तुकडे खाऊन आली. ती महिला मंडळाची अध्यक्ष होती आणि मंडळाच्या केकच्या वहीत तिच्या अक्षरातल्या एकशे चाळीस कृती होत्या. वही तिने पिशवीतून काढलीच होती.

"हे पट्टे," ती म्हणाली. "जाडी एक, भाजणी एक, आणि रंग दोन. मी चाळीस वर्षं क्रान्सेकाके करतेय, मला नाही जमायचा. हेरबोर्ग, कृती दे. एका घाण्यात दोन रंग कसे काढता?"

"एका घाण्यात निघत नाहीत," हेरबोर्ग म्हणाली. "दोन घरं लागतात."

यारत्रूदने लिहून घेतले. "दोन घरं. बरं. आणि?"

हेरबोर्गने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. सिन्नेवा ताट घेऊन येतच होती.

"आणि भांडण," सिन्नेवा म्हणाली. "साधारण बावीस वर्षांचं. घाई केलीस तर कडी पसरतात."